सेट-बेस्ड डिझाइन: युद्धनौकेचे पर्याय कधी आणि कशावरून गाळायचे?

पुसदचा_पोट्टा: गावच्या वाचनालयात शनिवारी इंजिनिअरिंगचे पोट्टे बसतात, त्यांना हे समजावायचं आहे. डिझाइन स्पायरलमध्ये एकच आराखडा घेऊन वजन, वेग, स्थैर्य, खर्च असे फेरे मारतात. सेट-बेस्डमध्ये बरेच पर्याय सोबत चालतात. मग काम कितीतरी पट वाढत नाही का? आन् पर्याय गाळायचा केव्हा?

दर्यापूर_मेकॅनिकल: भाऊ, समजा ३ हल (म्हणजे जहाजाचं धड), ४ इंजिनरचना, ३ रडार, ३ शस्त्रसंच. जोड्या झाल्या १०८. तेवढी जहाजं कोणी काढत बसत नाही. हलवाले, इंजिनवाले, वीजवाले आपापल्या हिशेबानं लांबी, वजन, शक्ती कुठून कुठपर्यंत चालेल तो पट्टा देतात. सगळ्यांचे पट्टे जिथं एकमेकांवर येतात तेवढंच उरतं, उरलेल्या पर्यायांचा तो संच. वेग २८ चा ३० नॉट (जहाजाच्या वेगाचं माप) मागितला, तर शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनात वाढते, म्हणजे सुमारे २३ टक्के जास्त. त्यात एक इंजिनरचना बाद झाली की २७ जोड्या एकदम गेल्या.

वऱ्हाडी_नेव्हल: गाळायला कारणं दोनच. पर्याय भौतिकदृष्ट्या बसत नाही, किंवा दुसरा एखादा प्रत्येक निकषावर त्याच्याइतका वा सरस आहे. ‘महाग वाटतो’ हे कारण नव्हे. गाळलेल्या प्रत्येकाची वहीत नोंद हवी: कारण काय, हिशेब कोणाचा, कोणत्या गृहीतकावर. माझ्या मते ही वहीच खरं काम आहे, कारण जहाज बनेस्तोवर मागण्या बदलतात. ५००० टनी जहाजात गुरुत्वमध्यापासून २५ मीटर उंचीवर १० टन जास्तीचं रडार चढवलं, तर गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटीमीटर वर जातो आणि स्थैर्य तेवढं घटतं. रुंद हलचा पर्याय संचात शिल्लक असेल तर निभतं. रुंदी आधीच पक्की केली असेल तर तळाशी बॅलास्ट (तोल राखायचा जड भार) भरा, वजन वाढवा, वेग घालवा.

पोट्ट्यांना पेरणीवरून सांगा. ७५ ते १०० मिमी पाऊस होईस्तोवर बियाणं जमिनीत टाकत नाहीत. जुलैचा पंधरवडा उलटला की मूग-उडीद यादीतून जातात, तूर राहते.

अमेरिकी नौदलानं २००८ मध्ये शिप-टू-शोर कनेक्टर या हॉवरक्राफ्टच्या प्राथमिक आराखड्यात ही पद्धत वापरली.

पुसदचा_पोट्टा: कंत्राटात हे कसं बसवायचं?

दर्यापूर_मेकॅनिकल: निविदेत एकच आकडा लिहिला की संच तिथंच संपला. किमान मर्यादा लिहा, वरचं मोकळं ठेवा. गाळणीची वही आराखड्यासोबत द्यायची कागदपत्रं म्हणून मागा. मुख्य इंजिन आणि गिअरबॉक्स यायला फार वेळ लागतो, म्हणून त्यांचा संच सगळ्यात आधी आवळायचा. रडारचा जमेल तितका उशिरा, पण त्याच्यासाठी जागा, वीज आणि थंडाव्याची सोय पहिल्या दिवसापासून राखून.