भावाचा हंटिंग बो मिळालाय, बाण किती इंचाला कापू आणि रेस्ट (बाण टेकतो तो भाग) कुठला ठेवू?

घोडबंदर_नवशिका
नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला असतो, तिकडे तो सीझनमध्ये हरणाला जायचा, आता खांद्याचं ऑपरेशन झालंय म्हणून त्याचा कंपाऊंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) दिवाळीत येताना मला देऊन गेला. आधीच सांगतो, शिकार-बिकार काही करायची नाहीये, येऊरचं जंगल घरामागे असलं तरी तसलं काही डोक्यात नाही, मला फक्त टार्गेट मारायचंय, जमलं तर पुढे 50 मीटर. ब्रॉडहेड्स (शिकारीची पात्यांची टोकं) मी त्याला घेऊनच येऊ दिले नाहीत.

तर प्रॉब्लेम असा की भाऊ 6 फूट 1 इंच आणि मी 5 फूट 6. बो 60 ते 70 पाउंडचा, ड्रॉ लेंथ (दोरी ओढायची लांबी) 30 इंचाला सेट आहे, मी ओढला की दोरी कानाच्या मागे जाते आणि डावा हात पूर्ण ताठ होतो. सोबत 8 कार्बनचे बाण आहेत, 340 स्पाइन (कडकपणाचा आकडा), 29.5 इंचाचे. रेस्ट तो गोल, ब्रशच्या केसांचा आहे, व्हिस्कर बिस्किट. एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले 27 ला कापून देतो आणि हा रेस्ट काढून ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणारा रेस्ट) लावा, लगेच बाण ठेवून जा. मी म्हटलं दोन दिवसांनी येतो. कापू का? आणि रेस्टवर खर्च करायची खरंच गरज आहे का?

नेरूळचा_बारक्या
कापून टाक की भावा, 5'6" ला 27 एकदम बरोबर बसतो, माझी पण तेवढीच हाइट आहे. ड्रॉप-अवे घेच, बिस्किट जंगलातल्या लोकांसाठी असतं.

तिसरा_बाण
बारक्या, थांब जरा. आणि नवशिके, तू दुकानातून तसाच परत आलास ते फार बरं केलंस.

बाण कापायचा शेवटी. कारण कापलेला बाण परत वाढत नाही, हे ऐकायला येड्यासारखं वाटतं पण दरवर्षी कोणीतरी डझनभर बाण घेऊन रडत येतंच. आधी तुझी ड्रॉ लेंथ ठरव. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसर, खांदे ओढू नकोस, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत कोणाला तरी मोजायला सांग. येईल तो इंचाचा आकडा भागिले 2.5. हा अंदाज आहे, अंतिम आकडा नाही, पण सुरुवातीला बास. मग कॅमवर (टोकाच्या चाकावर) तेवढी सेटिंग आहे का बघ. काही कॅममध्ये मॉड्यूलचा (कॅमवरच्या छोट्या तुकड्याचा) स्क्रू सैल करून ते फिरवलं की होतं, काहींना वेगळं मॉड्यूल मागवावं लागतं. बदलल्यावर पीप साइट (दोरीतलं नेम धरायचं भोक) पण सरकवावी लागेल, ती प्रेस (बो दाबून दोरी सैल करणारं यंत्र) असलेल्या माणसाकडूनच करून घे, घरी हातोडी-पक्कड घेऊन बसू नको.

आता लांबी. बाणाची लांबी म्हणजे नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून शाफ्ट म्हणजे बाणाची नळी जिथे संपते तिथपर्यंत, पॉइंट म्हणजे पुढचं टोक धरायचं नाही. तुझ्या दुकानदाराने 27 पॉइंटसकट म्हटलं की शाफ्टचं, हे विचारलंस का? तेवढ्यातच पाऊण-एक इंचाचा घोळ होतो. ड्रॉ लेंथ मोजतात ती ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापर्यंत, अधिक 1.75 इंच, म्हणजे साधारण रायझरच्या (बोच्या मधल्या दांड्याच्या) पुढच्या कडेपर्यंत. त्यामुळे टार्गेटवाल्याने शाफ्ट ड्रॉ लेंथएवढा किंवा अर्धा इंच जास्त ठेवला तरी तो रेस्टच्या पुढे आरामात इंच-दीड इंच राहतो. नवीन माणसाची ओढ पहिले सहा महिने बदलत असते, म्हणून मी तर पूर्ण इंच जास्त ठेवायला सांगते.

कळव्याचा_कॅम
ताईंनी "रडत येतंच" म्हटलं तो मीच 😂 डझनभर नाही, सहा बाण होते एवढंच.

मी ट्रायलला दुसऱ्याचा बो ओढला, त्याचा 26 होता, त्यावर बाण कापले 26 ला. नंतर स्वतःचा बो आला तो 27.5 ला सेट होता आणि मला वाटलं एवढ्याने काय होतंय. पहिल्याच दिवशी, सवयीने अँकरला (ओढलेला हात गालाशी टेकतो तिथे) आलो आणि थोडं अजून मागे खेचलं, खाली नजर टाकतो तर पॉइंटचं टोक रेस्टच्या अगदी कडेवर, नखाएवढं अंतर. अजून जरा ओढला असता तर बाण आत पडला असता आणि तसाच सुटला असता, समोर डाव्या हाताचा अंगठा. कार्बन फुटतो तेव्हा काठीसारखा मोडत नाही, सुया होतात त्याच्या. मी हळूहळू सोडत खाली आणला, हात थरथरत होते, त्या दिवशी एकही बाण मारला नाही, चहा पिऊन घरी.

अजून एक, मारण्याआधी प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवून कानाशी धरायचा. कर्रर आवाज आला की तो बाण मोडून कचऱ्यात, "सरावाला चालेल" वगैरे नाही. भावाचे बाण जुने आहेत म्हणजे हे पहिलं कर.

घोडबंदर_नवशिका
बापरे. बायकोला मोजायला लावलं, भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्यात (आता रंगाचे पैसे मी देणार असं ठरलंय), 168 सेंटिमीटर आले. म्हणजे 66 इंच, भागिले 2.5 केलं की 26.4. भाऊ 30 आणि मी 26.4, म्हणून कानामागे जात होतं होय!

मग 340 स्पाइन मला चालेल का? आणि रेस्टचं राहिलंच.

तिसरा_बाण
स्पाइनचं असं की आकडा जितका लहान तितका बाण कडक. 28 इंचावर आधार देऊन मधोमध साधारण 880 ग्रॅम वजन टांगलं की शाफ्ट जेवढा वाकतो तो हा आकडा, 340 म्हणजे 0.340 इंच. बाण आखूड केला की तो सुटताना अजून कडक वागतो, पुढे जड पॉइंट लावला की मऊ वागतो. तू लिंब्सचे (बोच्या वाकणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट सैल करून 60 पाउंडला आणशील आणि 27 च्या आसपास कापशील तर बाण निवडायचा चार्ट तुला 400 कडे नेईल, म्हणजे 340 थोडा कडकच. कंपाऊंडला रिलीजने (दोरी सोडायच्या हातातल्या उपकरणाने) मारताना थोडा कडक खपतो, मऊ नाही खपत, मऊ बाण धोक्याचा. 100 च्या जागी 125 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) पॉइंट लावून बघ, बराच फरक पडेल.

वजन पण बघून ठेव. शाफ्ट इंचाला 9 ग्रेन धरला तर 27 चे 243, इन्सर्ट (पॉइंट बसवायचा तुकडा)-नॉक-पंख मिळून 45 च्या आसपास, वर 125. झाले 413. कमीत कमी पाउंडाला 5 ग्रेन म्हणजे 60 ला 300, तू खूप वर आहेस, बो ला त्रास नाही. 60 च्या वर जाऊच नकोस, वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाऊंडची मर्यादाच 60 पाउंड आहे. आणि खरं सांगू का, नवशिक्याला 60 पण जड आहे, 40-50 चे लिंब्स मिळाले तर बघ, खांदा भावासारखा व्हायला नको.

नेरूळचा_बारक्या
बरं, कापायच्या बाबतीत चुकलो. पण ड्रॉप-अवेचं तरी बरोबर आहे ना??

तिसरा_बाण
अर्धं. बिस्किटात बाण चारी बाजूंनी धरलेला असतो, पडत नाही, बो वाकडा केला, पावसात भिजला तरी काम करतो, काहीही ॲडजस्ट करायला नाही. तोटा एवढाच की पंख त्या केसांतूनच बाहेर जातात, मऊ पंख सुरकुततात. म्हणून आखूड, ताठ पंख लावायचे. 20-30 मीटरला शिकेपर्यंत मी हाच ठेवेन आणि ते पैसे बाणांवर घालेन.

ड्रॉप-अवे सुटताना खाली पडतो म्हणून पंखाला लागत नाही, 50 मीटरला ते कामाचं आहे. पण तो टायमिंगवर चालतो. केबलवाला असेल तर रेस्टची दोरी, बो ओढताना खाली जाणाऱ्या केबलला बांधायची, सैल राहिली तर रेस्ट पूर्ण उठत नाही, आणि बाण मधेच लटकतो. लिंबवाल्यात उलटं, बो ओढला की रेस्टची दोरी सैल होते आणि आतली स्प्रिंग रेस्टला वर करते. कुठलाही लाव, बाण बर्गर होलच्या (रायझरमधल्या रेस्ट बसवायच्या भोकाच्या) मधोमध, दोरीला काटकोनात, एवढं आधी जुळव. मग बाणाच्या मागच्या भागाला आणि पंखांना टाल्कम पावडर मारून एक बाण सोड. रेस्टवर किंवा रायझरवर ओरखडा दिसला की पंख घासतोय.

त्यानंतर पेपर टेस्ट. जुन्या फोटोफ्रेमवर वर्तमानपत्र ताणून लाव, मागे बट (बाण थोपवायचा गठ्ठा), 6-7 फुटांवरून मार. भोक गोल आणि त्याला पंखांचे तीन चिरे आले तर ठीक. शेपटीने वर फाडलं तर रेस्ट किंचित वर, खाली फाडलं तर किंचित खाली, अर्धा-एक मिलिमीटर एका वेळी, आणि एका फाडीवर निर्णय घेऊ नकोस, तीन मार. डावी-उजवी फाड आली तर आधी हात बघ, ग्रिप घट्ट धरली की फाड तिथूनच येते.

आणि ही टेस्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. चुकलेला बाण प्लायवूडमधूनही आरपार जाऊ शकतो, गाडीच्या दाराचं काय घेऊन बसलास.

कळव्याचा_कॅम
आणि बाण कापायला घरची हॅकसॉ नको, कार्बन चिरतो. फिरतं ॲब्रेसिव्ह व्हील लागतं, मास्क घालून, धूळ छातीत जाते. मग टोक सपाट घासून इन्सर्ट. माझ्याकडे कटर आहे, शनिवारी सकाळी ये, पण आधी मॉड्यूल बदलून ये.

घोडबंदर_नवशिका
मॉड्यूलचा नंबर कॅमवर कोरलेला सापडला, भावाला फोटो पाठवलाय, तो तिकडून 26.5 चं मागवतो म्हणाला, पण यायला महिना जाईल. तोपर्यंत बाणांना हात लावत नाही. वाकवून मात्र बघितले, आठपैकी एक कर्र केला. मोडून टाकला.