एका दात्याची दोन फुफ्फुसं: दोघांना एकेक, की एकालाच दोन्ही?

छेदटाका: दाते मोजके असताना सरसकट दुहेरी रोपण करत राहणं मला पटत नाही. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) रुग्णांचं विश्लेषण आलं. त्यात मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितकी वर्षं जगले ती) दुहेरी रोपणानंतर ६.४१ वर्षं आणि एकेरीनंतर ४.५९ वर्षं होतं. सगळे एवढंच सांगतात. हिशोब दात्यामागे मांडला तर दोन एकेरी रोपणांची ९.१८ वर्षं होतात! शिवाय त्याच विश्लेषणात साठीपुढच्या रुग्णांमध्ये दुहेरीचा वरचढपणा टिकला नाही.

फायब्रोसिसमध्ये (फुफ्फुस व्रणासारखं कडक होतं तो आजार) तर एकेरी रोपण मुळातच जुळतं. मागे राहिलेलं फुफ्फुस ताठ आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांचा रोधही जास्त, त्यामुळे हवा आणि रक्त दोन्ही आपसूक नव्या फुफ्फुसाकडे वळतात. एकाच बाजूची छाती उघडावी लागते, उरोस्थी (छातीच्या मधलं हाड) आडवी कापायची वेळ येत नाही.

पंपरूम: मध्यकांची अशी बेरीज करता येत नाही. त्यातही एकेरी मिळालेले रुग्ण बहुधा वयाने मोठे असतात. पण माझा खरा आक्षेप मागे ठेवलेल्या फुफ्फुसाबद्दल आहे. आपल्याकडे टीबीचे जुने डाग किती जणांच्या सीटीत दिसतात! त्यावर टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की टीबी डोकं वर काढू शकतो, जुन्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढू शकते. ब्रॉन्किएक्टेसिस किंवा सिस्टिक फायब्रोसिस (श्वासनलिकांत सतत जंतू आणि पू साचणारे आजार) असेल तर एकेरीचा विचारसुद्धा नको, कारण जुन्या बाजूचा पू थेट नव्या बाजूला उतरतो.

एम्फिसीमाचं (फुफ्फुसातले हवेचे कप्पे फाटून ते सैल होतं, सीओपीडीचाच प्रकार) दुखणं वेगळं. व्हेंटिलेटरचा दाब मिळाला की जुनं सैल फुफ्फुस फुगतच जातं, छातीचा मध्यभाग सरकतो आणि नवं दाबलं जातं. मग दुहेरी नळी घालून दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवा, जुन्या बाजूचा पीप (उच्छ्वासाच्या शेवटी ठेवलेला दाब) शून्यावर आणा, उच्छ्वासाला जास्त वेळ द्या. आणि फुफ्फुसधमनीचा दाब आधीच जास्त असेल तर जवळजवळ सगळा रक्तप्रवाह एकट्या नव्या फुफ्फुसातून जातो. त्याला रिपरफ्यूजनची (रक्त पुन्हा सुरू होतानाची) इजा झाली, तर भार घ्यायला दुसरी बाजू नसते.

छेदटाका: धमनीदाबाचा मुद्दा मान्य. टीबीच्या डागांचाही मान्य, ते दिसले तर दुहेरीच. पण म्हणून सगळ्यांनाच दोन?

बॅकटेबल: तुम्ही दोघंही धरून चालला आहात की दुसरं फुफ्फुस नक्की कुणाला तरी लागेल. त्या रात्री रक्तगट आणि छातीचं माप जुळणारा रुग्ण, मोकळं थिएटर आणि दुसरी टीम हे सगळं असेल तरच. थंड पेटीतला वेळ साधारण सहा तासांच्या आत ठेवायचा असतो. नाहीतर 'दोघांना एकेक' कागदावरच राहतं आणि एक चांगलं फुफ्फुस वाया जातं.

वाटणी करतानाही हात सांभाळावा लागतो. डावा ब्रॉन्कस (फुफ्फुसाकडे जाणारी मुख्य श्वासनलिका) कॅरिनाजवळ, म्हणजे श्वासनलिका दुभागते तिथे, स्टेपल करायचा, त्यामुळे दोन्ही फुफ्फुसं अर्धवट फुगलेली राहतात. फुफ्फुसधमनी दुभाजकावर कापायची. डाव्या कर्णिकेची (हृदयाचा वरचा कप्पा) भिंत मधोमध चिरायची आणि दोन्हीकडच्या शिरांभोवती स्नायूची कड ठेवायची. हृदयाच्या टीमने जास्त कर्णिका घेतली की उजवी कड हमखास अपुरी पडते. मग दात्याच्याच पेरिकार्डियमची (हृदयाभोवतीचं आवरण) पट्टी जोडून ती वाढवा. ब्रॉन्कसभोवतालच्या मऊ ऊती सोलू नका. ब्रॉन्कसला रक्त पुरवणारी ब्रॉन्कियल धमनी आपण जोडत नाही, तिथे पहिले काही आठवडे रक्त उलट्या वाटेनेच पोचतं. दात्याचा ब्रॉन्कस लांब ठेवला की टोक काळं पडतं. वरच्या लोबच्या (फुफ्फुसाचा मोठा भाग) फाट्याआधी कूर्चेची एक-दोन कडी पुरे.

पंपरूम: म्हणजे टंचाईचं उत्तर वाटणीत नाही, नाकारलेल्या फुफ्फुसांत आहे. टोरंटोच्या २०११ च्या अभ्यासात जोखमीची २३ फुफ्फुसं शरीराबाहेर पंपावर चालवली आणि २० बसवली. प्रवाह हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं त्याच्या ४० टक्के, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोला ७ मिली, मिनिटाला ७ श्वास. फुफ्फुस ३२ अंशांपर्यंत तापलं की मगच श्वास सुरू करायचे. घाईने पूर्ण प्रवाह सोडला की सूज येते आणि चांगलं फुफ्फुसही हातचं जातं.

बॅकटेबल: त्याच्या जोडीला लोब. फायब्रोसिसने आक्रसलेल्या लहान छातीच्या बायका मापाअभावी थांबून राहतात. उंच दात्याचा खालचा लोब त्यांना बसू शकतो. जपानमध्ये जिवंत दात्यांच्या लोबसाठी जो हिशोब करतात तो इथेही कामी येतो: दात्याची एफव्हीसी (जोर लावून एका दमात सोडता येणारी हवा) गुणिले लोबमधले सेगमेंट (छोटे उपभाग) भागिले दोन्ही फुफ्फुसांतले एकूण १९. उजव्या खालच्या लोबचे ५, डाव्याचे ४. दात्याची एफव्हीसी ४.५ लिटर असेल तर दोन्ही मिळून सुमारे २.१ लिटर. रुग्णाच्या अपेक्षित एफव्हीसीच्या निम्म्याच्या वर हवं. रक्तप्रवाहाला जागा कमी असते, म्हणून एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) थिएटरमध्येच काढायची घाई करायची नाही.

छेदटाका: लोबचं पटलं. तरी साठीपुढचा फायब्रोसिस, धमनीदाब सौम्य, थुंकीत जंतू नाहीत, सीटी डागांविना आणि त्याच रात्री दुसरा रुग्ण तयार, अशा वेळी मी एकेरीच करेन. बाजू परफ्यूजन स्कॅनवर (कुठल्या फुफ्फुसात किती रक्त जातं ते दाखवणारी तपासणी) ठरवायची: जिथे रक्त कमी जातं ती काढायची.

पंपरूम: या चौकटीत माझीही हरकत नाही. फक्त मागे राहणाऱ्या फुफ्फुसात कॅन्सर होऊ शकतो, हे रुग्णाला संमतीच्या वेळीच स्पष्ट सांगा आणि पुढे दर वर्षी सीटी करा.