रोज दोन हॉट डॉग: मुलाच्या आहारात कसे बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. फुटबॉलच्या सरावाहून आला की त्याला दम निघत नाही. गेले दोन महिने रोज संध्याकाळी दोन हॉट डॉग चालू आहेत. "आई, प्रोटीन असतं गं यात," हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि पोरगं पोटभर खातंय म्हणून मीही गप्प होते.

परवा सॉसेज उकळलेल्या पाण्यावर चरबीचे पिवळे ठिपके तरंगताना दिसले, तेव्हा पाकीट हातात घेऊन मागचा बारीक मजकूर वाचला. ५० ग्रॅमच्या एका सॉसेजमध्ये प्रथिनं ६ ग्रॅम, चरबी १३ ग्रॅम आणि सोडियम ४८० मिलिग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आतली. म्हणजे दोन सॉसेजमध्येच जवळपास निम्मा कोटा संपला, पाव आणि केचप वेगळंच. तेवढीच प्रथिनं एका अंड्यात मिळतात आणि सोडियम जेमतेम ७० मिलिग्रॅम. 'प्रोटीन'चा मुद्दा माझ्यापुरता तिथेच निकालात निघाला.

खरी काळजी पुढे आहे. सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्यामुळे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे अशा गटात टाकलंय. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्यावरची, शंभरातल्या अठरांना कर्करोग होतो असं नाही, हे मला समजतंय. पण माझा मुलगा रोज १०० ग्रॅम खातोय, त्यामुळे जिवाला चैन नाही.

या धोक्यात नायट्राइटचाही (मांस टिकावं म्हणून घालतात ते रसायन) हात असल्याचं मानतात, म्हणून मग 'नायट्राइट न घातलेलं' पाकीट आणलं, तर घटकांमध्ये सेलरी (एक भाजी) पावडर! तिच्यातूनही नायट्राइटच येतं म्हणे. फसवल्यासारखं वाटलं.

एकदम बंद करायचं नाहीये. मित्रांबरोबर खाल्लं तर खाऊ दे. पण आठवड्यातून किती वेळा ठीक, हे कुणी आहारतज्ज्ञ सांगू शकाल का? उकळून पाणी ओतून दिलं तर मीठ खरंच कमी होतं का? चिकनच्या सॉसेजमध्ये चरबी कमी दिसते, पण सोडियम आणि नायट्राइट तेवढंच असेल तर बदलून उपयोग काय?

आणि ज्यांच्या घरी या वयाची खेळणारी मुलं आहेत त्यांनी कृपया सांगा, दारातून आल्याआल्या दहा मिनिटांत हातात काय देता? मला तिथेच अडायला होतंय.