लाळेची तपासणी आणि तुकड्याची तपासणी

लाळेतून तोंडाचा कॅन्सर कळतो, मग तपासणीसाठी तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा कशाला काढायचा, असा प्रश्न पडतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये लाळेतली इंटरल्यूकिन-८, एमएमपी-१ ही प्रथिनं वाढलेली सापडतात, हे खरं. पण इंटरल्यूकिन-८ हिरड्या सुजल्या तरी वाढतं, आणि आपल्याकडं तंबाखू मळणाऱ्या कितीजणांच्या हिरड्या धड असतात? म्हणून निदान अजून बायोप्सीवरच, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीवरच.

परभणीचे आमचे मामा भाकरी दुधात कुस्करून खायचे. सुपारीनं गाल आतून ताठ झालेले, तोंडात दोन बोटं जाईनात. 'तोंड आलंय' म्हणत वर्ष काढलं. उभी तीन बोटं जात नसतील, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर लाळेच्या नव्या चाचणीची वाट बघू नका. याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा.