मदत हवी आहे: रक्तवाहिनीच्या आतल्या सोनोग्राफीवर किती विसंबावं?

बाबा 68 वर्षांचे. अँजिओग्राफीत हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत अडथळा दिसला, पण किती ते ठरेना. म्हणून आयव्हस केलं, म्हणजे धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या, कॅथेटरच्या, टोकाला बसवलेली सोनोग्राफी. सगळ्यात अरुंद जागी क्षेत्रफळ आलं 5.2 चौ. मिमी.

एक डॉक्टर म्हणतात, 6 च्या खाली आहे, बायपास करून टाका. दुसरे म्हणतात, तो आकडा पाश्चात्त्य रुग्णांचा. आशियाई रुग्णांत 4.5 च्या आसपास धरतात, आधी एफएफआर करू, म्हणजे अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा रक्ताचा दाब मोजून बघू. शिवाय कॅथेटर तिरका बसला तर क्षेत्रफळ मुळात आहे त्याहून जास्त दिसतं म्हणे!

मग 5.2 वर भरवसा किती ठेवायचा? कॅथलॅबमध्ये काम करणारं किंवा यातून गेलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. आई रात्री रिपोर्ट उशाशी घेऊन जागी असते.