मंडळीत नव्याने येणाऱ्यांना आपलेसे कसे करावे?

प्रश्न (पुणे) :
जय ख्रिस्त. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचे चर्च, जुनी आहे. बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी नगर जिल्ह्यातून आलेली आणि एकमेकांच्या नात्यातली असल्यामुळे उपासनेनंतर चहाच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या माणसांत रमतो. मध्यंतरी एक तरुणी सलग तीन रविवार आली आणि शेवटच्या बाकावर बसली. गीताचा क्रमांक सांगितला गेला तेव्हा तिच्या हाती ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक नव्हते, शेजारच्या बाईंनी आपले पुस्तक तिच्याकडे सरकवण्याऐवजी तिला विचारले, “तुम्ही कोणाच्या?” चौथ्या रविवारी ती आली नाही. स्वागतासाठी दाराशी दोघांना उभे करण्याचे कमिटीत ठरले आहे, परंतु तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. आपला अनुभव काय आहे?

उत्तर १ (निवृत्त पाळक, सातारा) :
ताई, “कोणाच्या?” हे आपण आपुलकीने विचारतो, पण ज्याचे मंडळीत कोणीच नाही त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नसते. शिवाय गाव आणि आडनाव विचारताना जात चाचपण्याची जुनी खोड आपल्यातून पुरती गेलेली नाही, हेही कबूल केले पाहिजे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना याकोबाने बायबलमधील आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात खडसावले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली होती. त्यांची गीते आपण आवडीने गातो आणि ती मोकळीक मात्र विसरलो, याचे मला फार दुःख होते.

उत्तर २ (नाशिक) :
मी ख्रिस्ती घरातला नाही. पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी सगळी ओळ उठून पुढे गेली आणि मी बाकावर एकटा उरलो. उठावे की बसून राहावे, हे कळेना. तेव्हा एक आजोबा काही न बोलता माझ्याशेजारी येऊन बसले आणि सर्वांत शेवटी पुढे गेले. पुढच्या वेळेपासून पाळकसाहेब भोजनाआधीच सांगू लागले की, ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी. मला बाप्तिस्मा कधी घेणार, असे पहिले वर्षभर कोणीही विचारले नाही, म्हणूनच मी तिथे टिकलो.

उत्तर ३ (मुंबई) :
नव्या माणसाला उभे करून सर्वांसमोर ओळख करून द्यायला लावू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. लाजाळू माणूस त्या भीतीनेच पुन्हा येत नाही.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या मुलीचा फोन नंबर आमच्यापैकी कोणीच घेतलेला नाही, त्यामुळे तिला निरोप धाडता येत नाही. येत्या रविवारपासून मी आमच्या घरच्यांसोबत पुढे न बसता शेवटच्या बाकावर बसणार आहे आणि ‘उपासना संगीत’च्या दोन प्रती सोबत ठेवणार आहे.