'आत्मत्याग', 'शरण' आणि 'होऊन'

मिरजहून: रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलातलं मार्क ८:३४ वाचलं. येशू म्हणतो : माझ्यामागे यायचं तर आत्मत्याग करावा, वधस्तंभ उचलावा. शेजारी बसलेल्या चुलतीने हळूच विचारलं, "आत्मत्याग म्हंजी जीव द्यायचा का रं?" मला सांगता येईना. आणि 'शरण जाण्यात सामर्थ्य आहे' असं म्हणतात, ते सामर्थ्य कसलं? पेपरात 'शरण आला' म्हणजे हरला, बेड्या पडल्या.

सांगलीहून: काकूंची शंका रास्त आहे. 'आत्मत्याग' म्हटलं की आपल्याला बलिदान आठवतं. मूळ ग्रीकमध्ये मात्र 'स्वतःला नाकारणे' आहे, आणि तेच क्रियापद मार्क १४:३० मध्ये पुन्हा येतं. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो तिथे. मराठीत दोन ठिकाणी दोन शब्द आल्यामुळे ही गाठ दिसतच नाही, याची मला फार हळहळ वाटते. येशूला धरून नेल्यावर वाड्यात शेकत बसलेला पेत्र शेवटी शपथ वाहून काय म्हणाला? त्या माणसाला मी ओळखत नाही. हेच आता स्वतःबद्दल म्हणायचं. 'मला का विचारलं नाही', 'माझा मान कुठाय' म्हणत जो 'मी' उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, त्याला सांगायचं, कोण रे तू, मी तुला ओळखत नाही. काकूंना हे लगेच कळेल. लग्नकार्यात, वाटण्यांत हा 'मी' सगळ्यांनी पाहिलाय.

तासगावहून: आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की बागेकडं बघवत नाही, नुसते ओलांडे, वेलीचे जाड आडवे हात, उरतात. पण पुढचा माल ज्या काडीवर लागतो ती त्यातूनच फुटते. योहान १५ मध्ये बागवान फळ देणाऱ्या फाट्यालाच साफ करतो, ते वाचताना मला आमची बाग दिसते. शरण जाणं म्हणजे हेच ना?

सांगलीहून: दाखला मनापासून आवडला, पण इथे पुरता बसत नाही. वेल कात्रीपुढे काय करणार? योहान १०:१८ पाहा. येशू म्हणतो, प्राण माझ्याकडून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो, तो देण्याचा मला अधिकार आहे. अख्खा अर्थ त्या 'होऊन'मध्ये आहे. हिसकावून घेतलं तर हार. आपण होऊन दिलं तर देणाऱ्याचा हात वरचढ. धरायला लोक आले तेव्हा गेथशेमाने बागेत पेत्राची तलवार म्यानात घालायला लावणारा येशू हतबल नव्हता.

साताऱ्याहून: 'शरण'ला पेपरातला एकच अर्थ नाही. वारकऱ्याला विठोबाला शरण जाताना लाज वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतच गायली. १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तोही इथे साताऱ्यात. त्यामुळे 'शरण' टाकू नये. खटकतो तो फिलिप्पै २:७ मधला 'रिक्त'. ख्रिस्ताने स्वतःला 'रिक्त' केलं म्हटलं की रिक्त पदं आठवतात. 'रितं केलं' का नको?

मिरजहून: चुलतीला विचारलं. म्हणाली, "घागर रिती करत्यात. रिक्त कोण करतं?"